आई, आजी आणि पोरांचा विश्वास: वसई ते वेंगुर्ला, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग सुटला की आया आणि आज्या दाराशी थांबतात, आणि पुस्तकातलं काही न विचारता घरातलं विचारतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून इथे एकत्र केलेत. मी वसईची, कॅथलिक, त्यामुळे बरंचसं आमच्याकडच्या रीतीने लिहिलंय, पण रेवदंडा-कोर्लई, रत्नागिरी, सावंतवाडी, वेंगुर्ला इकडच्या बायकाही हेच विचारतात, आणि प्रोटेस्टंट घरांसाठी खाली वेगळं लिहिलंय.

पोर किती लहान असताना सुरुवात करायची?

बाळ घरी आलं त्या दिवसापासून. म्हणजे त्याला काही शिकवायचं नाही, फक्त झोपवताना कपाळावर अंगठ्याने क्रूस काढायचा, आंघोळीनंतर काढायचा, ताप आला की काढायचा. आमच्याकडे आज्या हे न सांगता करतात. पोराला ते काय आहे ते कळत नाही पण तो हात कळतो, आणि दीड-दोन वर्षांचं झालं की ते स्वतः कपाळ पुढे करतं, मग तिथून पुढे "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा" हे हाताला आपोआप येतं.

तीन वर्षांच्या पोराने अख्खी रोझरी (मण्यांच्या माळेवर म्हणायची मरियेची प्रार्थना) हात जोडून बसून म्हणावी अशी अपेक्षा ठेवू नका. ते मांडीवर लोळेल, मण्यांशी खेळेल, तिसऱ्या रहस्याला (येशू-मरियेच्या आयुष्यातला एकेक प्रसंग म्हणजे रहस्य) झोपेल, झोपू दे. आवाज कानात जातोय ना, तेवढं पुष्कळ. चर्चच्या कायद्यात सात वर्षं हे समज येण्याचं वय धरलंय, म्हणजे त्याआधी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायचं बंधन मुलावर नाहीच, तरी न्या, पण तिथे हललं म्हणून चिमटे काढू नका.

संध्याकाळची रोझरी जमतच नाही, मी साडेआठला ट्रेनमधून उतरते, मग काय?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि विचारणारीच्या चेहऱ्यावर इतका अपराधीपणा असतो की आधी तेच सांगते, तुम्ही काही गुन्हा करत नाही आहात. चर्चगेट ते वसई उभं राहून आलेल्या बाईला घरात पाय टाकल्या टाकल्या पन्नास नमो मरिया म्हणायला लावणारा देव आपला नव्हे.

ज्या घरात आजी आहे तिथे सोपं आहे. संध्याकाळी सातच्या सुमारास चर्चची घंटा झाली की आजी पोरांना घेऊन बसते, मेणबत्ती किंवा दिवा लावते, सुरू करते, आई येईपर्यंत ते संपलेलं असतं. मग आईने काय करायचं तर झोपायच्या आधीची दोन मिनिटं आपली ठेवायची. दिवसभरात काय चांगलं झालं, कोणाशी भांडलास, कोणासाठी प्रार्थना करूया, एक "हे आमच्या स्वर्गातील बापा", संपलं. पोरं या वेळेला जे बोलतात ते दिवसभर बोलत नाहीत.

आजी नसेल तर एकच रहस्य म्हणा. एक बापाची प्रार्थना, दहा नमो मरिया, एक गौरव, पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी-रविवारी गौरवाची आणि गुरुवारी प्रकाशाची, ही प्रकाशाची पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये घातली म्हणून जुन्या आज्यांना ती पाठ नसतात आणि त्या गुरुवारी आपली जुनीच म्हणतात, त्यावरून घरात वाद घालू नका. रोज एक म्हटलं तरी वर्षभरात पोराच्या डोळ्यासमोरून येशूचं सगळं आयुष्य अनेकदा जातं. अख्खी रोझरी मग मे आणि ऑक्टोबरमध्ये म्हणा, तेव्हा आळीतल्या क्रूसाशी किंवा घरोघरी लोक जमतातच, पोरांना मजाही येते कारण शेवटी खाऊ असतो.

आमची मुलं इंग्लिश मीडियमची, प्रार्थना इंग्लिशमध्ये पाठ, आजीला फक्त मराठी येतं. कुठल्या भाषेत म्हणायची?

आजीच्या.

जरा सविस्तर सांगते कारण मला हा प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे गेल्या पिढीत एक गोष्ट हळूहळू झाली आणि कोणी ठरवून केली नाही. मुलं इंग्लिश शाळेत गेली, मग सोय म्हणून धर्मशिक्षण इंग्लिशमध्ये, मग मिस्साही इंग्लिशची पकडली कारण ती लवकर संपते आणि नंतर क्लास असतो, आणि घरात आजी एकटी कोपऱ्यात मराठीत किंवा वसईकडच्या सामवेदी बोलीत रोझरी म्हणतेय आणि पोरगं बाजूला बसून मोबाईल बघतंय. दोघंही विश्वासणारे. पण दोघांना एकत्र एक प्रार्थना म्हणता येत नाही. म्हणजे तिच्याकडे जे साठ-सत्तर वर्षांचं आहे ते ती देणार कसं? शाळेतली सिस्टर पोराला प्रार्थनेचे शब्द देईल, पण नवऱ्याच्या आजारपणात ती प्रार्थना कशी म्हटली, बोट समुद्रात असताना रात्रभर कशी म्हटली, हे आजीच सांगणार आणि ती आपल्या भाषेतच सांगणार.

आणि ही भाषा काही दुय्यम नाही. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्लिश जेझुइट (येशूसंघाचा धर्मगुरू) गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि बायबलची सगळी कथा त्याने मराठी ओव्यांत लिहिली, ते ख्रिस्तपुराण 1616 मध्ये छापलं गेलं. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी एका परक्या माणसाला कळलं होतं की इथल्या लोकांपर्यंत ओवीतून पोचायचं, त्यांच्या कानाला ओवीची सवय आहे म्हणून. तिकडे चर्चमध्ये मिस्सा लॅटिनमध्येच चालायची, दुसरी व्हॅटिकन परिषद (जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा) 1962 ते 1965 मध्ये झाली त्यानंतर ती लोकांच्या भाषेत आली. तोवर आपल्या पणज्यांना वेदीवरचे शब्द कळत नव्हते, पण घरातल्या प्रार्थना पाठ होत्या आणि त्या त्यांनी बोलीत मुलांना दिल्या. वसईवरची पोर्तुगीज सत्ता 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी संपवली, राजा गेला, सैन्य गेलं, लोकांचा विश्वास राहिला. तो काही एकट्या पाद्र्यांनी टिकवला असं मला वाटत नाही, त्यात चुलीपाशी बसलेल्या बायकांचा वाटा मोठा आहे, फक्त त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

कोर्लईचं बघा. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे किल्ल्याखालचं छोटं गाव, तिथली ख्रिस्ती माणसं आजही पोर्तुगीजवरून आलेली नौ लिंग ही बोली घरात बोलतात आणि बाहेर मराठी. कुठल्या शाळेत ती बोली शिकवली जात नाही. आयांकडून पोरांना मिळाली म्हणून राहिली.

आता प्रॅक्टिकल. मुलाला इंग्लिश प्रार्थना येतात त्या राहू दे, शाळेत लागतात. घरात मात्र संध्याकाळची प्रार्थना आजीच्या भाषेत. सुरुवातीला नमो मरियाचा पहिला अर्धा भाग आजीने, दुसरा पोरांनी, तेवढंच पाठ करायला लागतं, आठवड्यात होतं. ज्यांना देवनागरी वाचता येत नाही त्यांना लिहून देऊ नका, ऐकून पाठ करू द्या, लवकर होतं. आणि महिन्यातून निदान एका रविवारी मराठी मिस्सा.

बायबलमध्ये आजीबद्दल काही आहे का?

आहे की! प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेलं दुसरं पत्र उघडा, पहिलाच अध्याय, पाचवी ओळ. तिथे तो म्हणतो की तुझा विश्वास आधी तुझी आजी लोईस आणि तुझी आई युनीके यांच्यात होता. दोघींची नावं घेतो. तीमथ्याचे वडील ग्रीक होते हे प्रेषितांच्या कृत्यांत सोळाव्या अध्यायात आहे, आई यहुदी, विश्वासणारी. म्हणजे घर मिश्र होतं, आणि त्याच पत्रात तिसऱ्या अध्यायात पौल आठवण करून देतो की तुला पवित्र शास्त्र लहानपणापासून माहीत आहे. कोणी शिकवलं असेल ते वेगळं सांगायला नको.

दोन बायका आणखी सांगते, माझ्या आवडीच्या. हन्नाने शमुवेलला देवळात सोडलं आणि दरवर्षी जाताना त्याच्यासाठी छोटा झगा शिवून न्यायची, पहिल्या शमुवेलच्या दुसऱ्या अध्यायात आहे. मुलगा वाढतोय, दरवर्षी माप वेगळं, आणि तिने ते डोळ्यासमोर धरून शिवायचं. मुलं हॉस्टेलला किंवा परदेशी असलेल्या आयांना हे वाक्य मी नेहमी वाचायला सांगते. आणि दुसरी नामी. रूथला मुलगा झाला तेव्हा नामीने त्याला उराशी घेतलं आणि तीच त्याची दाई झाली. रूथ तिची सून, तीसुद्धा परदेशातली, परक्या देवाच्या लोकांतली. सुनेशी जमत नाही म्हणणाऱ्या सासवांनी रूथचं पुस्तक वाचावं, चारच अध्याय आहेत.

"देव शिक्षा करील" असं सांगितलं तर पोरं ऐकतात, मग सांगायला काय हरकत?

हरकत आहे, मोठी आहे. पोरगं जेवत नाही म्हणून येशूबाप्पा रागावेल, खोटं बोललं तर सैतान नेईल, हे सांगून पाच वर्षं ऐकतं आणि बाराव्या वर्षी देवाला सोडतं, कारण तोवर त्याला कळलेलं असतं की शिक्षा होत नाही. त्यापेक्षा वाईट म्हणजे काही पोरांना ते खरं वाटत राहतं आणि आजारपण, नापास होणं, आईबाबांचं भांडण, सगळं आपल्या चुकीमुळे झालं असं ती मनात धरून बसतात. पापनिवेदनाच्या आधी अशी घाबरलेली पोरं आम्ही बघतो. पाप काय ते सांगा, क्षमा कशी मागायची ते त्याहून जास्त सांगा, आणि आईने पोरावर उगीच आवाज चढवला असेल तर आईने पोराची माफी मागावी. हे केलं की बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट, घर सोडून गेलेल्या मुलाला बाप माफ करून परत घेतो ती, वेगळी समजवावी लागत नाही.

आजोबा वारले, नात विचारते ते कुठे गेले. काय सांगू?

"देवबाप्पाला आवडले म्हणून त्याने नेले" हे कृपा करून सांगू नका, लहान मुलाला त्यातून फक्त एवढं कळतं की देव आपली माणसं नेतो. सांगा की आजोबा वारले, त्यांचं शरीर थकलं होतं, आता ते देवाजवळ आहेत आणि आपल्याला त्यांची आठवण येते म्हणून आपण रडतो, येशूसुद्धा लाजरच्या कबरीपाशी रडला होता. पोरांना दफनविधीला न्या, लपवू नका. 2 नोव्हेंबरला सगळ्या मृतांच्या दिवशी कबरस्तानात जाताना फुलं आणि मेणबत्ती नातीच्या हातात द्या, कबर तिला पुसू दे, पाटीवरचं नाव वाचू दे. रोजच्या प्रार्थनेत त्यांचं नाव घ्या. ती पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारेल, पुन्हा पुन्हा तेच उत्तर द्या.

रविवारी धर्मशिक्षणाला पाठवतो ना, मग घरी वेगळं कशाला?

कारण आमच्याकडे तो आठवड्यातून तासभर असतो, त्यातली हजेरी आणि गोंधळ वजा करा. व्हॅटिकन परिषदेने 1964 च्या दस्तऐवजात कुटुंबाला घरगुती चर्च म्हटलंय आणि आईवडील हे मुलांचे विश्वासाचे पहिले शिक्षक आहेत असं तिथे स्पष्ट आहे. आम्ही शिक्षिका नंतर येतो. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या (मिस्सातली पवित्र भाकर मूल पहिल्यांदा घेतं त्या) वर्षी आया खूप विचारपूस करतात, फ्रॉक कसा, हॉल कुठला, केक कितीचा, आणि दुसऱ्या वर्षी ती मुलं दिसतच नाहीत. फ्रॉक साधा घ्या. त्या वर्षभरात दर शनिवारी रात्री दुसऱ्या दिवशीचं शुभवर्तमान (मिस्सात वाचला जाणारा येशूच्या जीवनातला भाग) घरी वाचा, मुलाला आपल्या शब्दांत सांगायला लावा, मिस्सात तेच ऐकू आलं की त्याचे डोळे चमकतात.

सणांच्या गडबडीत मुलांना काय शिकवणार, मुलं तर खाण्यापिण्यात असतात?

त्याच गडबडीत शिकतात. हा प्रश्न मला उलटा वाटतो, कारण कोकणात आपण जे काही शिकलो ते कामात शिकलो.

झावळ्यांच्या रविवारचं, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारचं, घ्या. आशीर्वादित झावळी घरी येते, आजी त्याचा छोटा क्रूस विणते, तो तसबिरीमागे वर्षभर राहतो, आणि पुढच्या वर्षी त्याच सुकलेल्या झावळ्या चर्चमध्ये जाळून राखेच्या बुधवारची (उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाची) राख होते. पोराने ती झावळी स्वतः परत नेऊन दिली आणि मग फादरनी कपाळाला राख लावली की त्याला जे कळेल ते मी फळ्यावर लिहून कळणार नाही. विणायला शिकवा मुलांना, आजीला येतं, आईला बहुतेक येत नाही, आणि आजी गेल्यावर शोधून सापडणार नाही.

नाताळचा गोठा विकतचा आणू नका, निदान सगळा नको. माती, पेंढा, आठवडाभर आधी वाटीत पेरलेलं धान, हे पोरांना करू द्या. आणि बाळ येशू गव्हाणीत 24 तारखेच्या रात्रीपर्यंत ठेवायचा नाही, गव्हाणी रिकामी, आणि रात्रीच्या मिस्साहून आल्यावर घरातलं सगळ्यात धाकटं पोर त्याला तिथे ठेवणार. आगमनकाळ म्हणजे वाट बघणं हे चार आठवडे रिकामी गव्हाणी बघून कळतं. करंज्या, कलकल करायला सगळे जमिनीवर बसतात तेव्हा आजीला एक गोष्ट सांगायला लावा, मरिया आणि योसेफ बेथलेहेमला कसे गेले, कोणी जागा दिली नाही. आणि पहिलं ताट शेजारी पाठवायचं, ते मुलांनीच न्यायचं.

सावंतवाडी-बांद्याच्या बाजूला क्रूसापुढे लदीन (सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना) म्हणतात आणि नंतर उकडलेले चणे वाटतात, तिथे पोरांना चणे वाटायचं काम द्या, पुढच्या वर्षी ती पुढे उभी राहून गातील.

कोणत्या संतांच्या गोष्टी सांगाव्यात?

आधी आपल्या मातीतल्या. संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मला, वडील पोर्तुगीज, आई इथली, व्यापार सोडून फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि 5 फेब्रुवारी 1597 ला जपानात नागासाकीला पंचवीस जणांबरोबर क्रूसावर मारला गेला. 1862 मध्ये त्याला संतपद मिळालं, भारतात जन्मलेला तो पहिला संत. वसईला गास गावात त्याच्या नावाचं चर्च आहे, पोरांना घेऊन जा, आणि घरी येऊन नकाशावर वसई आणि नागासाकी दाखवा. क्रूसाचं वर्णन लहान मुलांसमोर फार रंगवू नका, तो कसा दुसऱ्यांची भाषा शिकला आणि दुभाष्याचं काम करायचा ते सांगा.

26 जुलैला संत अॅना आणि योवाकीम यांचा सण, मरियेचे आईवडील, म्हणजे येशूचे आजी-आजोबा. पोप फ्रान्सिस यांनी 2021 पासून जुलैच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबांचा दिवस सुरू केला तो त्याच्याच आसपास येतो. त्या दिवशी नातवंडांनी आजीला चर्चला न्यायचं, नेहमी ती नेते.

नवरा हिंदू आहे, मुलांना कसं वाढवू?

पहिलं म्हणजे लग्नाच्या वेळी काय वचन दिलंय ते आठवा. चर्चची परवानगी घेऊन लग्न झालं असेल तर कॅथलिक बाजूने वचन दिलेलं असतं की मी माझा विश्वास सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा आणि वाढ कॅथलिक विश्वासात व्हावी म्हणून माझ्या परीने सगळं करीन. दुसऱ्या बाजूला याची कल्पना दिलेली असते, त्याने धर्म बदलावा अशी अट नाही. "माझ्या परीने" म्हणजे भांडून, मुलांना मधे ओढून नव्हे. तीमथ्याचं घर असंच होतं हे वर लिहिलंय.

मुलांसमोर सासरच्या देवघराबद्दल वाईट बोलायचं नाही, सासूबाई दिवा लावतात तेव्हा मुलांनी शांत उभं राहायचं. तुमची प्रार्थना तुम्ही लपूनछपून करू नका, उघड, रोज, ठरलेल्या वेळी. मी बघितलंय की अशा घरात बऱ्याचदा नवरा स्वतःच पोरांना सांगतो, चला मम्मीची प्रार्थनेची वेळ झाली, टीव्ही बंद करा.

गणपतीत पोरं शेजारी आरतीला जातात, जाऊ द्यायचं का?

कोकणात राहून गणपतीत शेजारच्याकडे जाऊ नको कसं सांगणार? तेच शेजारी नाताळला आपल्याकडे येतात, मयताला खांदा देतात. जाऊ द्या, आदराने बसू द्या. आपण कोणाची प्रार्थना करतो हे मात्र मुलाला घरी स्पष्ट माहीत असावं, ते माहीत असेल तर शेजारच्या आरतीने काही गोंधळ होत नाही, आणि माहीत नसेल तर दार बंद करूनही उपयोग नाही. प्रसादाबद्दल घराघरात वेगळं मत आहे, पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आठव्या अध्यायात अशाच खाण्याबद्दल लिहिलंय, ते वाचा आणि तुमच्या फादरांशी किंवा पाळकांशी बोला. मुलाने शेजाऱ्याच्या हातातलं तोंडावर नाकारून त्यांना दुखवावं हे मला पटत नाही.

मुलगा-सून नातवाला बाप्तिस्मा देत नाहीत. मी आजी म्हणून गुपचूप दिला तर?

नाही. चर्चच्या कायद्यात आईवडिलांपैकी निदान एकाची संमती लागते आणि मूल त्या विश्वासात वाढेल अशी आशा लागते. जीव धोक्यात असेल तेव्हाची गोष्ट वेगळी, तेव्हा कोणीही डोक्यावर पाणी ओतून पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकतो, हे प्रत्येक आईला, नर्सला माहीत असावं. पण धडधाकट बाळाला आईवडिलांच्या पाठीमागे न्हाणीघरात बाप्तिस्मा, हे करू नका, उद्या सुनेला कळलं की ती बाळ तुमच्याकडे ठेवायची नाही, मग तुमच्या हातात काय राहिलं? मुलाला शांतपणे विचारा की का नको. पुष्कळदा कारण विश्वासाचं नसतंच, चर्चमध्ये कोणीतरी काहीतरी बोललेलं असतं.

आजी गॉडमदर (बाप्तिस्म्याच्या वेळची धर्ममाता) होऊ शकते का?

हो. फक्त सख्खे आईवडील होऊ शकत नाहीत. सोळा वर्षं पूर्ण, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी) झालेली, ख्रिस्तप्रसाद घेतलेली कॅथलिक व्यक्ती लागते. तरी मी म्हणेन मावशी-आत्या घ्या, आजी तर आहेच, पोराला आणखी एक माणूस मिळू दे.

आम्ही प्रोटेस्टंट, आमच्याकडे रोझरी नाही, मग आम्ही काय करायचं?

तुमच्याकडे जे आहे ते आम्ही तुमच्याकडून घ्यावं असं आहे. बायबल वाचन आणि गायन. रोज एक परिच्छेद, एक गीत, आजीने सुरुवात करायची आणि शेवटी आपल्या शब्दांत प्रार्थना, त्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव. आठवड्याला एक वचन पाठ, तेविसावं स्तोत्र तर सहा वर्षांचं पोर करतं. नारायण वामन टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यांची गीतं आज मराठी चर्चमध्ये सगळीकडे गातात, आमच्याकडेही. आजीला चाली येत असतील त्या पोरांना द्या, पेटी असेल तर पेटीवर बसवा. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बाळाला बाप्तिस्मा देतात, काही मंडळ्यांत बाळाचं अर्पण होतं आणि बाप्तिस्मा मोठेपणी, तर तिथे मुलाने एक दिवस स्वतः ठरवायचंय, तोवरची वर्षं आईचीच आहेत.

सतरा वर्षांचा मुलगा मिस्साला यायचं बंद झालाय. रोज भांडण होतं.

भांडण आधी बंद करा. संत मोनिकाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते पण त्यातला एक भाग कोणी सांगत नाही. तिचा मुलगा ऑगस्टीन, जो पुढे संत झाला, भरकटला तेव्हा ती एका बिशपकडे गेली, माझ्या मुलाशी बोला, त्याची समजूत घाला म्हणाली, आणि त्या बिशपने नकार दिला. आत्ता तो ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, त्याला राहू दे, तू त्याच्यासाठी प्रार्थना कर म्हणाला. वर्षं गेली. 387 मध्ये ईस्टरच्या रात्री मिलानमध्ये बिशप अॅम्ब्रोजनी ऑगस्टीनचा बाप्तिस्मा केला आणि त्याच वेळी ऑगस्टीनचा मुलगा अदेओदातूस याचाही, म्हणजे मोनिकाचा नातू. मुलगा आणि नातू एकाच रात्री. त्याच वर्षी ती वारली. तिचा सण 27 ऑगस्टला, मुलाचा दुसऱ्या दिवशी.

तुम्ही रविवारी तयार व्हा, त्याला एकदाच विचारा, येतोस का, नाही म्हणाला तर जा आणि येताना त्याच्यासाठी नाश्ता घेऊन या. टोमणे नकोत, नातेवाईकांसमोर विषय नको. त्याचे प्रश्न असतील तर ऐका, विज्ञानाचे असतात, चर्चमध्ये बघितलेल्या ढोंगाचे असतात, त्यातले काही खरे असतात आणि ते खरे आहेत असं मान्य करा. आजीशी तो अजून बोलत असेल तर आजीला मधे घालू नका, "तू सांग ना त्याला" असं म्हणून तिला वापरू नका, ते एक नातं मोकळं राहू दे.

आणि बाबा? सगळं बायकांनीच का?

बाबांनीही. बाबा मिस्साच्या वेळी चर्चच्या मागच्या बाजूला बाहेर झाडाखाली उभे राहत असतील तर मुलगा दहाव्या वर्षी तिथेच जाऊन उभा राहतो. त्यांना आत बसवा, पोरांच्या शेजारी.

नातवंडं कॅनडात, दुबईत. मोबाईलवर होतं का?

होतं. ठरलेला वार, ठरलेली वेळ, आणि पाच-सात मिनिटंच. व्हिडिओ कॉलवर आधी अभ्यासाची चौकशी, जेवलास का, मग एक छोटी प्रार्थना, शेवटी आजीने स्क्रीनकडे हात करून आशीर्वाद द्यायचा. बाबा शिपवर असलेल्या घरांत तर हे आता रोजचंच झालंय. युट्यूबवरची रोझरी आजारी माणसाला ठीक, पण पोरांसमोर तुमचा स्वतःचा आवाज लावा.

आजीच्या जुन्या प्रार्थना, गाणी पुस्तकात सापडत नाहीत. लिहून ठेवायच्या का?

आजच. ती दुपारी निवांत बसली असताना मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करा, तिला सांगून करा, आणि मधे थांबवू नका, सुधारू नका, पुस्तकात असं नाहीये म्हणू नका. पोर्तुगीज शब्द मोडून आलेले असतील, लॅटिनचे तुकडे असतील, राहू देत. गाणं संपल्यावर तीन गोष्टी विचारा, हे कोणाकडून शिकलीस, कधी म्हणायचीस, कशासाठी. फाइलला तिचं नाव, गाव आणि तारीख घाला, दोन ठिकाणी सेव्ह करा, एक कॉपी तुमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) फादरांकडे द्या. विचारणारं माणूस शक्यतो नातवंड असावं, मुलीला ती अर्धंच सांगते कारण तुला माहितीये की म्हणते, नातवाला पहिल्यापासून सांगते.